स्पिडलचं घर की गॉलवे शहरातलं?

प्रश्न : आयरिश भाषेच्या एक वर्षाच्या एमएसाठी सप्टेंबरमध्ये आयर्लंडला, गॉलवेला जाते आहे. फीची सोय झाली आहे, राहण्याखाण्यासाठी 15 लाख रुपये वेगळे ठेवलेत. शहरात चार परदेशी विद्यार्थ्यांबरोबर 650 युरोत खोली मिळते आहे. 12 महिन्यांचा करार, एकाच कागदावर पाच सह्या. गॉलवेजवळच्या स्पिडल गावात आयरिश बोलणाऱ्या तीन मुलींबरोबर 700 युरोत मिळते, पण फक्त जूनअखेरपर्यंत. तिथलं डिपॉझिट खोली सोडणाऱ्या मुलीच्या खात्यावर मागितलंय. दोन्हीकडे बिलं वेगळी. आईबाबा म्हणतात, शहरातलं घे. काय करू?

उत्तर : महिन्याच्या भाड्यावरून काहीच ठरवू नका, अख्खं वर्ष मांडा. शहरात 7,800 युरो भाडं, बिलांचा वाटा महिना 70 धरला तर 840, एकूण 8,640. स्पिडलला दहा महिन्यांचे 7,000, बिलांचे 900, बसचे 600 आणि जुलै-ऑगस्टसाठी शहरात तात्पुरती खोली 1,500, एकूण 10,000. युरो 100 रुपयांचा धरला, तर फरक 1 लाख 36 हजारांचा. जूनअखेरची अट त्या भागात नवलाची नाही. उन्हाळ्यात शाळकरी मुलं आयरिश शिकायला गेल्टाख्तात, म्हणजे आयरिशभाषक पट्ट्यात, येतात आणि घरोघरी राहतात.

माझं मत स्पिडलच्या बाजूने आहे. गॉलवे शहराचा रोजचा व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि चार परदेशी मुलांच्या स्वयंपाकघरातही इंग्रजीच चालणार. तुम्ही फी भरताय ती भाषेसाठी. भांडी कुणी घासायची यावरून आयरिशमध्ये वाद घालता येणं हे वर्गाबाहेरचं शिक्षण आहे, आणि त्यासाठी 1 लाख 36 हजार मोजणं मला रास्त वाटतं. त्यानंतर तुमच्याकडे 5,000 युरो उरतात, महिन्याला चारशेच्या थोडे वर. त्यात जेवण, फोन, आरोग्य विमा आणि परदेशी विद्यार्थी म्हणून तिथे करायच्या नोंदणीचे 300 युरो बसवायचे. काटकसर करावी लागेल, पण भागेल.

खरी अडचण भाड्यात नाही, नोकरीत आहे. विद्यार्थी परवान्यावर सत्रात आठवड्याला 20 तास काम करता येतं आणि जानेवारी 2026 पासून किमान वेतन ताशी 14.15 युरो आहे. कॅफे-हॉटेलांतलं बरंचसं काम संध्याकाळचं असतं. शहरातून स्पिडलला जाणारी 424 नंबरची शेवटची बस चुकू नये म्हणून आठवड्याला सहा तास सोडावे लागले, तर 30 आठवड्यांत सुमारे 2,550 युरो बुडतात, म्हणजे भाड्यातल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा आधी बसचं वेळापत्रक पाहा, मग खोली घ्या. शनिवार-रविवारची दिवसपाळी शोधा, स्पिडलमध्येच मिळाली तर सोन्याहून पिवळं. व्हिसासाठी दाखवायची रक्कम मात्र या कमाईच्या भरवशावर धरू नका, ती आधीच हातात लागते. आयर्लंडमधल्या भाड्यावरच्या करसवलतीचाही हिशेब नको. एवढ्या पगारावर प्राप्तिकरच बसत नाही, मग सवलत वजा कशातून होणार?

आता कागद. पाच जणांचा संयुक्त करार म्हणजे प्रत्येक जण पूर्ण 3,250 युरोंना जबाबदार. एकाने जानेवारीत घर सोडलं आणि बदली माणूस मिळाला नाही, तर तुमचे 650 एकदम 812 होतात. शहरातलं घर मला नको वाटतं ते यामुळेही.

स्पिडलच्या डिपॉझिटचं मात्र थांबवा. खोली सोडणाऱ्या मुलीला दिलेले पैसे घरमालकाच्या दफ्तरी कुठेच नसतात. जूनमध्ये तो म्हणेल, ‘मला तुमच्याकडून काही मिळालेलं नाही’. आधी करारावर नाव चढवून घ्या, मग डिपॉझिट मालकाच्याच खात्यावर भरा आणि लेखी पावती मागा. कायद्याने डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आगाऊ भाडं धरून सुरुवातीला जास्तीत जास्त दोन महिन्यांचे, म्हणजे 1,400 युरो. मालक स्वतः त्याच घरात राहत असेल तर तुम्ही कायद्याने भाडेकरू ठरत नाही आणि हे संरक्षण मिळत नाही. तेही विचारून घ्या.

स्पिडलच्या घराला तेलाचं हीटिंग आहे का? असेल तर पहिल्याच दिवशी टाकीतल्या पातळीचा आणि वीजमीटरचा तारखेसह फोटो काढून चौघींच्या ग्रुपवर टाका. तेल बहुतेकदा एकदम 500 लिटर भरतात. नोव्हेंबरात चौघींनी पैसे घातले आणि एक नाताळात निघून गेली, तर तिच्या वाट्याचं काय? हे तेल भरायच्या आधी लिहून ठेवा. वीजजोडणी तुमच्या एकटीच्या नावावर घेऊ नका, थकबाकी नावावरच्या माणसाकडेच मागतात.

पैसे इथून पाठवताना एका पॅनवरून आर्थिक वर्षात 10 लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर, लागत नाही. फी आणि राहण्याचा खर्च एकाच व्यक्तीच्या खात्यातून गेला तर ही मर्यादा लगेच ओलांडाल, म्हणून आई आणि बाबा दोघांच्या खात्यांतून विभागा, आणि एप्रिलनंतरचा खर्च एप्रिलनंतरच पाठवा. कापला गेलाच तर विवरणपत्रात वजा मिळतो, पण तोवर पैसा अडकून राहतो. आणि पहिले 1,400 युरो पाठवण्याआधी ओळखीच्या कुणाला तरी ते घर आतून बघून यायला सांगा.