अमेरिकेची शपथ घेण्याआधी

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना शपथेत दुसऱ्या देशाची निष्ठा सोडतो असं स्पष्ट म्हणावं लागतं. ते टोचतं, टोचू द्या. पण भावनेच्या भरात कागद विसरू नका.

भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याने दुसरं नागरिकत्व घेताक्षणी भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. घरी पडलेला जुना पासपोर्ट मग वापरायचा नाही. वापरला तर दंड बसू शकतो. क्रम असा: नवा पासपोर्ट, जुन्याचं सरेंडर सर्टिफिकेट (तो परत केल्याचा दाखला), मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड. तिकिटं त्यानंतर. गडबड होते ती बहुधा दिवाळीची तिकिटं आधी काढल्यामुळे.

गावची शेती हातची जाईल ही भीती मात्र उगाच. शेतजमीन विकत किंवा बक्षीसपत्राने एनआरआयलाही (परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही) घेता येत नाही, ओसीआयलाही नाही. वारसाहक्काने दोघांनाही मिळते. सातबाऱ्यावर वारसनोंद तेवढी वेळेत करून घ्या.

खरं जातं ते मत. भारतीय पासपोर्ट असेपर्यंत फॉर्म 6अ भरून मतदारयादीत नाव घालता येतं, पण मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन गावीच जावं लागतं. ओसीआयला तेही नाही. वर्षानुवर्षं मत न देणाऱ्यांनी यावर फार हळहळू नये, असं आपलं माझं मत.