‘मी जेवलो’ म्हणणारी सून

प्रश्न : मी एक रहस्यकथा लिहिली आहे. वाड्यात म्हाताऱ्या मालकांचा खून होतो. हकिगत सांगणारा ‘मी’ म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, असं वाचणाऱ्याला वाटत राहतं. शेवटच्या पानावर कळतं की ‘मी’ ही थोरली सून आहे आणि खून तिनेच केलाय. आमच्या कट्ट्यावर चौघांनी ऐकली. एक मैत्रीण खूश झाली, बाकी तिघं म्हणाले, “ही शुद्ध फसवणूक आहे.” शेवट बदलू का?
— एक वाचक

उत्तर : शेवटाला हात लावू नका. गोची तिसऱ्या पानावर आहे. तिथे ‘मी’ प्रेताजवळ एकटाच उभा आहे आणि मनाशी म्हणतो, ‘कोणी केलं असेल हे?’ जिने खून केला, ती मनातल्या मनात असं कशाला विचारेल? ते वाक्य तिचं नाही, तुमचं आहे. तिघं चिडले ते त्याच्यावर.

आता एक जुनं रहस्य फोडणं भाग आहे. अगाथा ख्रिस्तींची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ वाचायची राहिली असेल, तर थेट व्याकरणावर उडी मारा.

गावचा डॉक्टर शेपर्ड गोष्ट सांगतो, गुप्तहेर प्वारोच्या मागे मागे हिंडतो, आणि खुनी तोच निघतो. अ‍ॅक्रॉइडच्या अभ्यासिकेतला प्रसंग काढून बघा. टपाल आत येतं ८ वाजून ४० मिनिटांनी. डॉक्टर निघतो ८ वाजून ५० मिनिटांनी. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो मागे बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना, म्हणून. पहिल्या वाचनात वाटतं, किती मायाळू डॉक्टर! दुसऱ्या वाचनात बोट त्या दहा मिनिटांवर थांबतं. एक अक्षर खोटं नाही.

आमच्या वाचनालयातल्या प्रतीत कोणा सभासदाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने ‘डॉक्टर!!’ असं लिहून ठेवलं होतं. खोडरबराने घासूनही ते दिसायचंच. तरी ती प्रत कपाटात टिकत नसे. तो लबाड लिहितो कसा, हे बघायलाच लोक ती न्यायचे.

शिवाय शेपर्डला लपवायला कारण आहे. प्वारोची फजिती लिहून ठेवावी म्हणून तो हे सगळं लिहायला घेतो. प्वारो ते कागद वाचतो आणि म्हणतोही, की तुम्ही स्वतःला फार मागे ठेवलंत. तुमची सून कोणाला सांगते आहे? फौजदाराला? नवऱ्याला? ते एकदा ठरलं की काय गिळायचं ते तिचं ती बघेल. (१९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या पाद्र्याने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराच्या मित्राने मनात आलेलं वाचकापासून लपवू नये, हा त्यांतला एक. फार मनावर घेऊ नका.)

आता व्याकरण. इंग्रजीतल्या ‘मी’ला लिंग चिकटत नाही. आपल्याकडे ‘मी गेलो’ म्हटलं की संपलं. तुमच्या कथेत ‘गेलो, म्हणालो, विसरलो’ असं अकरा वेळा आहे, मोजून पाहिलं. सून असं बोलली तर ती थाप झाली. त्यापेक्षा सकर्मक क्रियापदं धरा : मी दार उघडलं, चहा गाळला, पत्र वाचलं. मला वाटलं. मी बघत असे. बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही. हे उत्तर बाईने लिहिलंय की बाप्याने, हे तरी तुम्हाला कुठे कळलंय? वरपासून परत वाचा.

हा सल्ला लिहून झाला आणि मग पाकिटावरचा पत्ता दिसला : इचलकरंजी! मग सगळंच फिरलं. तुमच्याकडे कितीतरी बायका सहज ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात. पुण्याचा वाचक फसेल आणि कोल्हापूरचा गालात हसेल. तेव्हा ते अकरा ‘लो’ राहू द्यात. फक्त वाडा कुठला ते मोघम ठेवू नका, पंचगंगेच्या काठी आणा. आणि दुसऱ्याच पानावर नणंदेला सोप्यातून ओरडू द्या, “वहिनी, मी जेवलो गं!”

त्या हाकेला ओ कोणी दिली, ते मात्र लिहू नका.