अमेरिकेत यादवीनंतर १८७० मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला, मग साक्षरतेची आणि मालमत्तेची अट कायदेशीर कशी ठरली?

कारण पंधराव्या घटनादुरुस्तीने वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी एवढ्याच कारणांवरून मत नाकारायला बंदी केली होती. शिक्षण, मालमत्ता आणि कर यांबद्दल तीत अवाक्षर नव्हतं. दक्षिणेतल्या राज्यांनी नेमकी हीच फट धरली. मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत दोन डॉलरचा मतदान-कर लावला, शिवाय घटनेतलं कलम वाचून दाखवायचं किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी! कायद्यात वंशाचा उल्लेख नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये हे चालवून घेतलं. त्याच वर्षी लुइझियानाने साक्षरता नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता मागितली, पण ज्याचा बाप किंवा आजा १ जानेवारी १८६७ ला मतदार होता त्याला सूट दिली. त्या तारखेला तिथे कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं. १८९६ मध्ये तिथे सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये उरले जेमतेम १,३००. मात्र या अटींत, विशेषतः करामुळे, गरीब गोरेही भरडले गेले. आजोबांच्या नावावरची सूट १९१५ मध्ये रद्द झाली, पण दक्षिणेतल्या साक्षरता चाचण्या थांबायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला.