गोळी घासाबरोबर

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

मी ४४ वर्षांची, वारज्यात राहते, एका सहकारी बँकेत कॅशियर आहे. सहा वर्षांपूर्वी गौरी जेवल्या त्या रात्री पहिल्यांदा पोटात कळ आली. बेंबीच्या वर, आरपार पाठीत जाणारी. पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसलं की जरा कमी व्हायची. ॲसिडिटी म्हणून दोन वर्षं गेली, आयबीएस, म्हणजे आतड्यांचा चिडखोरपणा, म्हणून दोन गेली, 'तुम्ही फार मनाला लावून घेता' यात आणखी एक. वजन ६१ वरून ४९ वर आलं. शेवटी सीटी स्कॅन केला तेव्हा स्वादुपिंडात खडे आणि नळी फुगलेली दिसली. क्रॉनिक पॅन्क्रिआटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, तोही सासूबाई शेजारी बसलेल्या असताना: "ड्रिंक्स घेता?" मी उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. सासूबाई तिथे काही बोलल्या नाहीत, पण येताना रिक्षात अख्खा कर्वे रस्ता गप्प होत्या.

आठ महिने एन्झाइमची, म्हणजे अन्न पचवणाऱ्या द्रव्याची, कॅप्सूल चालू आहे. १०,००० ची, रात्री जेवण झालं की एक. तूप, तेल, दाणे बंद. वरण-भात, फुलका, दुधी, एवढंच खाते, सोबत वहिनींनी सांगितलेला इसबगोल. तरी शौचाला चिकट, तेलकट होतं, भांड्याला धरून राहतं. बँकेत काउंटर सोडून पळावं लागतं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. रात्री पिंढऱ्यांत गोळे येतात.

सासूबाई माळकरी आहेत. कॅप्सूल डुकरापासून करतात असं त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या भांडल्या नाहीत, पण तेव्हापासून नैवेद्याचं ताट त्या स्वतःच करतात. म्हणून मी डबी घरात ठेवत नाही, स्कूटीच्या डिकीत ठेवते. दीर म्हणतात की हे साबुदाण्यामुळे होतं, केरळात सिद्ध झालंय. मी लग्नाआधीपासून एकादशी करते. मलाच हे का झालं, एवढं तरी मला कळेल का?

– एक वाचक, वारजे

उत्तर:

'मलाच का' हा तुमचा खरा प्रश्न आहे, ते समजलं. त्याच्याकडे येते. आधी मला तुमच्या त्या रात्रीच्या एका कॅप्सूलशी भांडायचंय.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. १९८४ ते २०१९ नारायण पेठेत औषधांचं दुकान चालवलं, आणि २००६ पासून याच दुखण्याची मी स्वतः गिऱ्हाईक आहे. तेव्हा मी लिहीन ते डॉक्टरांपुढे ठेवायचं, परस्पर करायचं नाही.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवा पडलेला, वीतभरही नसलेला अवयव. अन्न लहान आतड्यात उतरायला लागलं की तो रस सोडतो, दिवसाकाठी लिटर-दीड लिटर. त्यातलं लायपेज स्निग्ध पदार्थ फोडतं. निरोगी स्वादुपिंडाकडे हा माल इतका जास्त असतो की शौचाला तेल दिसायला लागतं तेव्हा साधारण ९० टक्के क्षमता गेलेली असते. तुमची कॅप्सूल त्या रसाच्या जागी कामाला लावलेली आहे. म्हणजे ती अन्नात मिसळली पाहिजे. पंगत उठल्यावर आचारी आला तर काय उपयोग?

ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची. दोन-तीन असतील तर एक सुरुवातीला आणि बाकीच्या जेवता जेवता. चावायची नाही. मीही पहिले चार महिने तुमच्यासारखीच जेवून, हात धुऊन, मग घ्यायचे. आपल्या हाडीमाशी दोनच वेळा बसल्यात: जेवणाआधी अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर. मी स्वतः हजारो पाकिटांवर पेनाने तेच लिहिलंय. 'जेवताना' असं लिहिल्याचं मला आठवत नाही.

आता आकडा. पाकिटावरचे १०,००० म्हणजे लायपेजची युनिटं. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण २५,००० ते ५०,००० युनिटांपासून सुरुवात करतात, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी. तुम्ही सकाळचा पोळीचा नाश्ता, बँकेतला डबा आणि रात्रीचं जेवण एवढं सगळं मिळून १०,००० वर भागवताय, आणि तीही उशिरा. औषध लागू पडत नाही असं म्हणायच्या आधी ते पोटात पुरेसं गेलंय का ते बघावं लागेल. अर्ध्या कप दुधाच्या चहाला सहसा लागत नाही. चहाबरोबर बाकरवडी खाल्लीत तर लागते.

एवढं करूनही तेल दिसत राहिलं तर डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडतात. कॅप्सूलमधल्या दाण्यांवरचं आवरण आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. पण स्वादुपिंडच आजारी असलं की आम्ल मारणारा खारही तिथे कमी पडतो, मग ते आवरण वेळेवर सुटत नाही. दुकानात मिळणारी वेलचीच्या वासाची पाचक सिरपं मात्र याच्यावरचा उपाय नाहीत. त्यांत बहुधा पिष्ट पचवणारं डायस्टेज आणि पेप्सिन असतं. मी ती खोक्यांनी विकली. तुमच्या दुखण्याला हवं ते लायपेज त्यांत नसायचं.

आणि तूप. आठ महिने तुम्ही उकडलेला दुधी खाताय हे वाचून मला राग आला. तुमच्यावर नाही. 'स्वादुपिंड म्हणजे तेल-तूप बंद' हा सल्ला जुना झाला. आता उलट सांगतात: नेहमीचं चौरस खा, पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि कॅप्सूल त्या बेताने घ्या. ४९ किलोच्या बाईला स्निग्ध तोडून चालणार नाही. डोस बसला की भातावर चमचाभर तूप घ्यायला लागा. इसबगोल मात्र थांबवण्याबद्दल विचारा. फार चोथ्याने पोट लवकर भरतं आणि एन्झाइमच्या कामातही अडथळा येतो. वहिनींनी प्रेमाने सांगितलं असेल, पण ते बद्धकोष्ठाचं औषध आहे.

पिंढऱ्यांतले गोळे थकव्याच्या खात्यात टाकू नका. स्निग्ध पदार्थ पचले नाहीत की त्यांत विरघळणारी ए, डी, ई, के ही चारही जीवनसत्त्वं वाया जातात. डी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बी-१२ तपासून घ्या. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी कुणी केली नसेल तर मागून घ्या. माझी उशिरा झाली, तोवर मनगट मोडून झालं होतं, तेही तुळशीबागेत साध्या पायरीवर घसरून. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, दर वर्षी. या दुखण्यातून येणारा मधुमेह वेगळा असतो. इन्सुलिनबरोबर साखर वर आणणारं ग्लुकागॉनही घटतं, म्हणून साखर अचानक खाली जाण्याची भीती जास्त. उद्या साखर निघाली तर 'स्वादुपिंडामुळे आलेला मधुमेह' असं स्वतःहून सांगा.

शौचातलं इलॅस्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम मोजणारी फीकल इलॅस्टेज नावाची तपासणी झाली आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. २०० च्या खाली कमी आणि १०० च्या खाली फारच कमी मानतात. पातळ जुलाब चालू असताना दिली तर आकडा खोटा खाली येऊ शकतो. त्यासाठी कॅप्सूल बंद करावी लागत नाही, कारण ती माणसाचंच इलॅस्टेज मोजते.

कळेबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण नळी फुगलेली आहे आणि खडे आहेत म्हटल्यावर तो वेगळा विषय आहे. एन्झाइमने शौच सुधारतं, कळ जाईलच असं नाही. खडे बाहेरून लहरी देऊन फोडता येतात, दुर्बिणीतून काढता येतात, नळी उघडी ठेवायला तिच्यात स्टेंट म्हणजे बारीक नळी घालता येते, काहींना शस्त्रक्रियाच चांगली. 'माझ्या बाबतीत यातलं काय, आणि का नाही?' हे पोटविकारतज्ज्ञ आणि सर्जन दोघांनाही विचारा. दुखलं की मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणायची, हे करू नका. तशा पट्ट्या मागायला येणारे चेहरे मी ओळखायला शिकले होते. कळेबरोबर उलट्या थांबत नसतील, ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर तो धूर तुमच्यापासून लांब. आणि एक आगाऊ प्रश्न: मिशरी लावता का? तंबाखू ती तंबाखूच. लावत असाल तर सोडा.

आता सासूबाई. त्यांना कळलं ते खरं आहे. ही औषधं डुकराच्या स्वादुपिंडापासूनच होतात आणि आज बाजारात त्यांच्या तोडीची शाकाहारी कॅप्सूल नाही. मी नारायण पेठेतली, सोवळ्यातल्या घरातली. पहिली डबी हातात धरून दुकानातच बसून राहिले होते. मग आठवलं: मी दुकान सुरू केलं तेव्हा इन्सुलिन कुठलं यायचं? गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातलं. अमेरिकेत माणसाच्या जातीचं, कारखान्यात जिवाणूंकडून करून घेतलेलं इन्सुलिन १९८२ मध्ये मान्य झालं, आपल्याकडे ते रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. तोवर फ्रीजमधल्या त्या बाटल्या माझ्याकडून गळ्यात तुळशीची माळ घातलेले आजोबा न्यायचे, कपाळावरचा बुक्का पुसून नाही, तसाच ठेवून. त्यातल्या एकांना मी विचारलंही होतं. ते म्हणाले, "वारी चालायची तर पाय नकोत का?" हे सासूबाईंना जसंच्या तसं सांगा. लपवून मात्र घेऊ नका. लपवलं की घरातलं माणूस त्याहून वाईट काहीतरी धरून चालतं, रिक्षात बघितलंत ना.

त्यावरून दारू. हा प्रश्न विचारावाच लागतो, कारण दारू हे या दुखण्याचं मोठं कारण आहे. चारचौघांत विचारायची गरज नसते, ती गोष्ट वेगळी. मला विचारला तेव्हा माझा नवरा हसला होता, त्याचा राग मी अजून सोडलेला नाही. मी फाइलच्या पहिल्या पानावर 'मद्यपान नाही, धूम्रपान नाही' असं मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. दर नव्या डॉक्टरपुढे तीच परीक्षा द्यायला नको.

साबुदाण्याचं तुमच्या दिरांनी अर्धं ऐकलंय. विसाव्या शतकाच्या मध्यावर केरळातल्या डॉक्टरांना दिसलं की तरुण, हडकुळी, दारू न पिणारी माणसं स्वादुपिंडात खडे आणि मधुमेह घेऊन येतात. तिथे कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद पोटभर खाल्ला जायचा, संशय त्यातल्या सायनाइडवर गेला. आपला साबुदाणा त्याच कंदाच्या पिठाचा. पण कधी कप्पा न खाल्लेल्यांनाही हाच आजार निघाला आणि संशय सिद्ध झाला नाही. मग २००० च्या सुमारास स्पिंक१ नावाच्या जनुकातला बदल सापडला, पुढे भारतातल्या अशा बऱ्याच रुग्णांतही तो दिसला. हे जनुक ट्रिप्सिनला, म्हणजे रसातल्या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमला, लगाम घालणारं प्रथिन बनवतं. लगाम सैल झाला की रस आतल्या आत स्वादुपिंडालाच पचवायला लागतो. बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असंही नाही. खिचडीतलं तुम्हाला जड जातं ते दाण्याचं कूट. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत १५ ग्रॅमच्या आसपास तेल असतं, आणि एकादशीला तुम्ही बहुतेक कॅप्सूलचाही उपास करत असणार.

मग तुम्हालाच का? रक्तातलं कॅल्शियम, ट्रायग्लिसराइड म्हणजे चरबी, आयजीजी४ (शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावरच उलटली का ते बघायची रक्ततपासणी), पित्ताशयातले खडे, हे पाहून झालंय का विचारा, कारण यातलं काही निघालं तर त्याच्यावर उपचार आहे. जनुकाची तपासणी करून उपचार सहसा बदलत नाहीत. मुलांचा विचार मनात असेल तर मात्र आधी जनुकतज्ज्ञांशी बोला. हे सगळं करूनही आपल्याकडे पुष्कळांच्या कागदावर 'कारण अज्ञात' हाच शेरा राहतो. माझ्याही राहिला. मी तीन वर्षं त्याच्यामागे फिरले, पत्रिकासुद्धा दाखवून आले. त्या तीन वर्षांत कॅप्सूल नीट घेतली असती तर मनगट कदाचित वाचलं असतं.

एक वही करा. काय खाल्लं, किती युनिटं, कोणत्या घासाला, शौच कसं, दर रविवारी वजन. डोस बदलल्यावर तीन आठवड्यांनी ती डॉक्टरांना दाखवा आणि मलाही कळवा.

आणि डबी आज, हे वाचून झालं की लगेच, डिकीतून काढा. ती २५ अंशांच्या आत ठेवायची असते. बँकेबाहेर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटीची डिकी एप्रिलात हाताला चटका देते, आतलं एन्झाइम त्यात टिकत नाही. आठ महिन्यांत उन्हाळा होऊन गेला असेल तर ही डबी टाकून नवी घ्या. नवी डबी ताटाजवळ, मिठाच्या शेजारी ठेवायची. सासूबाईंच्या देखत.