वॉशिंग्टन राष्ट्रपती की राष्ट्राध्यक्ष?

अमेरिकेत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या लेकीने तिथल्या मराठी शाळेच्या गृहपाठात लिहिलं, ‘जनरल जॉर्ज वॉशिंग्टन हे स्वतंत्र अमेरिकेचे पहिले राष्ट्रपती झाले.’ बाईंनी ‘राष्ट्रपती’खाली रेघ मारून वर ‘राष्ट्राध्यक्ष’ लिहिलं. ताईंचं म्हणणं, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना? हिंदी बातम्यांत तर सरसकट ‘अमेरिकी राष्ट्रपति’ म्हणतात.

ताई, बाईंचं बरोबर आहे. मात्र ‘मराठीत असंच म्हणतात’ एवढ्यावर हा विषय सोडवत नाही. हिंदी सगळ्याच प्रजासत्ताकांच्या प्रमुखांना राष्ट्रपति म्हणते. मराठीने तो शब्द बहुतेक घरच्यासाठी राखून ठेवला: दिल्लीत राष्ट्रपती, वॉशिंग्टनला, पॅरिसला राष्ट्राध्यक्ष किंवा नुसते अध्यक्ष. ही वाटणी कुणा भाषा समितीने केलेली नाही, वर्तमानपत्रांच्या वापरातून ती रुळली. पण वॉशिंग्टन यांच्या बाबतीत ती इतकी चपखल बसली आहे की मला तिचं कौतुक वाटतं.

मूळ शब्द ‘प्रेसिडेंट’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुढे बसणारा. सभा भरली की समोरच्या खुर्चीवर जो बसतो तो. वॉशिंग्टन हे अक्षरशः असे बसले होते. सेनापतीपदाचा राजीनामा त्यांनी २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिसला काँग्रेसपुढे दिला आणि ते घरी शेती करायला गेले. पुढे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला घटना लिहिण्यासाठी परिषद भरली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जवळजवळ चार महिने ते त्या खुर्चीत बसले आणि चर्चेत फारच क्वचित बोलले. त्याच परिषदेने देशाच्या प्रमुखाचं पद निर्माण केलं आणि त्याला नाव दिलं तेच, प्रेसिडेंट.

तेव्हा हा शब्द अगदी लहानखुरा होता. महाविद्यालयाला प्रेसिडेंट असे, मंडळाला असे. ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन यांचा शपथविधी झाला आणि लगेच सिनेटमध्ये वाद पेटला की यांना म्हणायचं काय? उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांना नुसतं ‘प्रेसिडेंट’ पटेना. प्रेसिडेंट काय, आग विझवणाऱ्या मंडळींचेही असतात आणि क्रिकेट क्लबचेही, अशी त्यांची तक्रार. (होय, क्रिकेट. अमेरिकेत, १७८९ साली.) सिनेटच्या समितीने मग एक भरघोस किताब सुचवला. त्याचा मराठी अर्थ साधारण असा: ‘महामहिम, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षक’. प्रतिनिधिगृहाने मात्र साध्या नावाचा हट्ट सोडला नाही. मे महिन्याच्या मध्यावर सिनेटनेही माघार घेतली. महामहिम गेलं, रक्षक गेलं, उरलं फक्त ‘अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष’. ॲडम्स अंगाने गोलमटोल, त्यामुळे त्यांच्या वाट्याला मात्र ‘हिज रोटंडिटी’ ही पदवी आली.

आपण हसायचं कारण नाही. विधानसभेत आजही ‘अध्यक्ष महाराज’ ऐकू येतं. नुसतं अध्यक्ष म्हणायला आपलीही जीभ अडखळते.

गेलेल्या त्या ‘रक्षका’पाशी जरा थांबू. इंग्रजीत तो शब्द होता ‘प्रोटेक्टर’, आणि इंग्रजी इतिहास वाचलेल्या माणसाला त्यावरून ऑलिव्हर क्रॉमवेल आठवणारच. राजाचा शिरच्छेद होऊन इंग्लंड प्रजासत्ताक झालं आणि चारच वर्षांत, १६५३ मध्ये, सेनेचा हा प्रमुख ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ होऊन बसला. जिंकलेल्या सेनापतीला ‘रक्षक’ म्हणणं वाटतं तितकं निरुपद्रवी नाही.

आणि आता आपला ‘पती’ पाहा. परंपरेने त्याची व्युत्पत्ती ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूपासून सांगतात. पाति तो पती, म्हणजे रक्षक. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं लॅटिन ‘पोतिस’शी, म्हणजे समर्थ, धनी या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. वेदांत ‘दंपती’ म्हणजे घराचा धनी. ग्रीकमधला ‘देस्पोतेस’, ज्यावरून इंग्रजी ‘डेस्पॉट’ आला, तोही जवळपास याच घडणीचा, घर अधिक धनी. लग्नपत्रिकेतलं गोड दांपत्य आणि जुलमी हुकूमशहा, दोघेही एकाच कुळातले! रक्षक घ्या की धनी घ्या, ‘राष्ट्रपती’ या शब्दात नेमकी तीच छटा आहे जी अमेरिकनांनी मे १७८९ मध्ये नाकारली. ‘अध्यक्ष’ त्या मानाने सौम्य. अधि अधिक अक्ष, वरून नजर ठेवणारा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अध्यक्षांची रांगच आहे: सुराध्यक्ष, अश्वाध्यक्ष, गणिकाध्यक्ष. ॲडम्स यांची आग विझवणारी मंडळी आणि ही यादी एकाच तोलाची. राजा तो नव्हे, कामकाज पाहणारा. म्हणून वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष.

मग आपण ‘राष्ट्रपती’ का घेतला? तो शब्द स्वातंत्र्याआधीच लोकांच्या तोंडी होता. काँग्रेसच्या अध्यक्षाला राष्ट्रपती म्हणत. १९३७ साली नेहरूंनी ‘चाणक्य’ या टोपणनावाने स्वतःवरच टीकालेख लिहिला, त्याचं शीर्षकच ‘राष्ट्रपती’ होतं आणि त्यात इशारा होता तो या माणसात हुकूमशहा दडलेला असू शकतो असा. शब्दातला तो धनी त्यांना जाणवला असावा, असं मला वाटतं. राज्यघटनेने पुढे त्या धन्याचे हात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधून टाकले, ही गोष्ट वेगळी. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा ‘आता राष्ट्रपत्नी म्हणायचं का’ यावर बरीच शाई आणि बराच चहा खर्च झाला. सेनापती, सभापती, कुलपती यांतला पती नवरा नव्हे, हे तेव्हा अनेकांना समजावून सांगावं लागलं.

एक अपवाद मी स्वतः पाळतो. बांगलादेशाच्या राज्यघटनेत मूळ बंगाली शब्दच ‘राष्ट्रपती’ आहे, नेपाळच्या घटनेतही तोच. त्यामुळे १९७७ साली त्या पदावर आलेले जनरल झियाउर रहमान यांना मी राष्ट्रपती लिहीन, वर्तमानपत्रांनी काहीही छापलं तरी. पाकिस्तानात उर्दू शब्द ‘सद्र’. वाड्यातली आपली ‘सदर’ ती हीच, पुढची मानाची बैठक. अयूब खान १९५८ मध्ये त्या सदरेवर बसले ते निवडून न येता, म्हणून त्यांच्यासाठी मराठीने ‘लष्करशहा’ हा खास शब्द वापरला.

यावरून लेकीच्या वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाकडे येतो, बाईंनी तो तसाच सोडला आहे. ‘जनरल वॉशिंग्टन प्रमुख झाले’ असं मराठीत वाचलं की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे रणगाडे येतात. लोक त्यांना पुढेही आदराने जनरल म्हणत राहिले हे खरं, पण १७८९ मध्ये ते सेनेत नव्हते, पाच वर्षांपूर्वीच उतरले होते. तेव्हा ‘स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले’ असं लिहायला सांगा. आणि ‘जनरल’ हवाच असेल तर लेकीला पुढचं वाक्य सुचवा. १७९७ मध्ये ते पायउतार झाले आणि १७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाची चिन्हं दिसू लागल्यावर त्यांना पुन्हा सेनेचं प्रमुखपद देण्यात आलं, लेफ्टनंट जनरल म्हणून. नेमणूक करणारे राष्ट्राध्यक्ष होते जॉन ॲडम्स, तेच, नुसतं ‘प्रेसिडेंट’ म्हणणं ज्यांना हलकं वाटत होतं.