आधी तोंड दाखव

अगं, तू लिहिलंयस की पावणेसातला सातपूरहून कामावरून घरी पोचतेस, दार उघडलं की चार वर्षांचा मुलगा भोकाड पसरतो, आजी म्हणतात दिवसभर छान होता, मग तू ओरडतेस आणि रात्री तो झोपला की त्याच्याकडे बघून रडतेस. वाचून पोटात कालवलं, आमच्याकडे काही वर्षांपूर्वी रोज हेच चालायचं.

तो तुला त्रास द्यायला रडत नाही गं. दिवसभर शाळेत, आजीजवळ शहाण्यासारखं राहून लेकरू दमतं आणि आई दिसली की धरून ठेवलेलं सगळं सुटतं, हक्काचं माणूस आलं ना. त्यात तिन्हीसांजेची वेळ, पोटात भूक. त्याचा आजीवर जास्त जीव आहे असं मनातसुद्धा आणू नकोस.

आणि आपल्या नाशिकची एक गोष्ट आहे. मुंबईवाल्यांचा लोकलमध्ये तास-दीड तास जातो, हाल होतात पण तेवढ्यात डोकं ऑफिसातून सुटतं. मी अंबडला कंपनीत क्वालिटीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात, घर पाथर्डी फाट्याला, गेट ते दार जेमतेम पंधरा मिनिटं, म्हणजे नापास झालेल्या मालाचा विषय गरमागरम घेऊनच घरात शिरायचे. एकदा पार्किंगमध्ये फोन आला तो बोलत बोलतच वर आले, हेल्मेट हातात, तोंडाला स्कार्फ तसाच गुंडाळलेला. लेक स्कार्फचं टोक ओढत म्हणाली, आई आधी तोंड दाखव. मी हातानेच थांब थांब करत राहिले आणि ती चपलांच्या रॅकशेजारी बसून राहिली, फोन संपेपर्यंत. आजही आठवलं की गलबलून येतं.

कंपनीत शिफ्ट सुटताना आपण रजिस्टरमध्ये लिहितो ना, कुठलं मशीन बंद, कुठला मालाचा लॉट अडवून ठेवलाय, पुढच्याला सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही. तसंच स्वतःसाठी कर. निघायच्या आधी पाच मिनिटं काढून काय राहिलं, उद्या आधी कोणाला फोन करायचा हे डायरीत लिही, एकदा लिहिलं की डोकं ते धरून बसत नाही. राहिलेला फोन खाली गाडी स्टँडला लावून तिथेच संपव, उशीर झाला तर होऊ दे, पण वर जाताना तोंड मोकळं आणि फोन पर्समध्ये.

वर गेलीस की हातपाय धुवायचे आणि सरळ फरशीवर बसायचं, वीस मिनिटं. कुकर नाही, डबा संपवला का, मिसने काय शिकवलं ही उलटतपासणी नाही. तो गाड्या लावत असेल तर तूही एक गाडी घे. मांडीत येऊन रडला तर रडू दे, पाठीवरून हात फिरव, आमची दहा मिनिटांत शांत व्हायची. सहाला त्याला काहीतरी खायला द्यायला सासूबाईंना सांग. त्यांना दिवसभराचं सांगायचं असतं ते नंतर चहा घेताना ऐक, पण ऐक नक्की, त्याही एकट्याने सांभाळतात.

स्वयंपाकाचं म्हणशील तर कणीक सकाळीच मळून फ्रिजमध्ये, भाजी आदल्या रात्री चिरलेली, आणि आठवड्यातून दोनदा मुगाची खिचडी. या वयाच्या मुलांना दिवसाची झोप धरून १० ते १३ तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, सकाळी साडेसहाला उठवायचं तर नऊला झोपायला हवा, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम सव्वादोन तास. ते पोळ्या लाटण्यात घालवायचे का हे तूच ठरव.

नवरा सिन्नरहून आठला येतो म्हणालीस, तर जेवणानंतरची भांडी आणि झोपवणं त्याच्याकडे, रोज, आठवण न करता. लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो ते बघणाऱ्या २०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्यातली रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. मी हे आकडे आमच्याकडे जेवताना सांगितले होते, भांडण न करता. दुसऱ्या दिवसापासून ओटा माझ्या नवऱ्याने आवरायला घेतला, तो आजही तोच आवरतो.