पोरगं मंडळात राबतंय, पंचायतीत मात्र पाय टाकत नाही

प्रश्न : ताई, माझा मुलगा 22 वर्षांचा. गणपतीत अकरा दिवस घरी जेवायला पण येत नाही, आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला पण जातो. पण गल्लीतलं गटार तुंबलंय, पंचायतीत जाऊन सांग म्हटलं की ‘माझं काय काम तिथं’ म्हणतो. देवाधर्मातली पोरं समाजाचं काम जास्त करतात म्हणे, मग हा असा कसा?
– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : काकू, म्हणतात ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. अमेरिकेत रॉबर्ट पुटनॅम आणि डेव्हिड कॅम्पबेल या अभ्यासकांनी 2010 मध्ये मांडलं की नेमानं चर्चला जाणारी माणसं स्वयंसेवा जास्त करतात, चर्चबाहेरच्या कामात पण, मात्र त्यामागं श्रद्धेपेक्षा तिथं जमलेल्या दोस्तांचा हात मोठा. एकटाच येऊन प्रार्थना करून जाणारा काही त्यात पुढं नसतो.

आता आपल्याकडचं बघा की. महाप्रसादाला तुमचंच पोरगं चुलवणावरचा भाताचा हंडा उतरवत असेल, पंगतीत आमटी वाढत असेल, उष्ट्या पत्रावळ्या उचलत असेल, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटच्या पंगतीला बसत असेल. घरी ताट न उचलणारी पोरं हे करतात कारण तिथं कोणीतरी नाव घेऊन सांगतं, तू भात बघ, तू पाणी बघ, आणि चार दोस्त बाजूला असतात. ग्रामसभेला असं नाव घेऊन बोलावलंय का त्याला कोणी कधी? दवंडी नाहीतर नोटीस, ती पण कन्नडमध्ये, आणि पोरं बिचकतात ती तिथंच.

म्हणून भक्ती कमी कर असं त्याला अजिबात म्हणू नका, मला ते पटत नाही. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, दोन्ही एकाच माणसाचं काम होतं. लिंगायत घरातले त्याचे दोस्त बसवण्णांचा कायक (काम हीच पूजा) आणि दासोह (मिळवलेलं सगळ्यांत वाटणं) ऐकतच मोठे झाले असतील, ते पण तेच की. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला तेव्हा बेळगाव जिल्ह्यात हीच तरुण पोरं मदतीला धावली. एक काळजी मात्र मला खरंच वाटते, की सेवा फक्त आपल्या गल्लीची, आपल्या जातीची होऊन बसते, मुसलमान किंवा कन्नड घरातला पोरगा मंडपाबाहेरच उभा राहतो. तसं असेल तर त्याच्याशी बोला, नीट बसून बोला.

गटाराचं म्हणाल तर पोराला न सांगता मंडळाच्या अध्यक्षाला गाठा. विसर्जन झालं की लगेच, पोरं एकत्र असतानाच, पाच-सहा जणांनी पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, लेखी अर्ज द्यायचा, सही-शिक्क्याची पोच घ्यायची, आणि पुढच्या ग्रामसभेत तोच विषय सगळ्यांनी मिळून काढायचा. अर्ज कन्नडमध्ये लिहायला गल्लीतलाच कन्नड शाळेत शिकलेला एखादा पोरगा घ्या, आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या कमिटीत पण घ्या त्याला.